इंटरनेटचा नाकेदार

आलापल्लीत इंटरनेट आलं ते बांबूच्या मागं. दुकानाच्या दाराला आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला बांधलेला धोंडा, दुसरं टोक दोरीनं खुंटीला अडकवलेलं. आत दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेबलपंखा, आणि बांबूच्या पलीकडे स्टुलावर खाकी शर्ट घालून बसलेले चाचा. गिऱ्हाईक आलं की ते उठत नसत. आधी विचारत, "कुठून आले?" मग विचारत, "कुठी चालले?"

पहिल्या दिवशी मी गोंधळलो. म्हणालो, "इथंच. मेल बघायची आहे."

"मेल कुठी हाये?"

"म्हणजे... इंटरनेटवर."

"सोबत कोन?"

"कोणी नाही."

"वापस कवा येता?"

"अर्ध्या तासात."

हे सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं, माझी सही घेतली आणि खुंटीवरची दोरी सोडली. धोंडा खाली गेला, बांबू वर गेला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रीतसर इंटरनेटवर गेलो. अर्ध्या तासाला पाच मिनिटं कमी असताना पाठीमागून शिट्टी वाजली. जंगलात गेलेल्या माणसाला अंधार पडायच्या आत हाक मारतात, तशी ती हाक होती.

चाचांची उभी हयात वनखात्यात नाकेदार म्हणून गेली होती. जंगलातून सागवानाची गाडी निघाली की ती नाक्यावर थांबते. नाकेदार परवाना बघतो, लाकडावर हातोड्यानं ठोकलेली खूण बघतो, नग मोजतो, गोलाई मोजतो, मग गाडी सोडतो. चाचा निवृत्त झाले त्या वर्षी मुलानं नागपूरहून दोन कॉम्प्युटर आणून घराच्या ओसरीत दुकान थाटून दिलं आणि स्वतः नोकरीसाठी परमुलखात निघून गेला. चाचांना कॉम्प्युटर चालू करणं आणि बंद करणं एवढंच ठाऊक होतं. मधला सगळा प्रकार म्हणजे नाका, असं त्यांनी ठरवून टाकलं. "जंगल मोठं हाये," मॉनिटरकडे बोट करून ते सांगत. "आत कोन काय करून राह्यलं, मले नाई दिसत. पन येनारजानार तं इथूनच ना?"

चाची आतल्या दारातून हे ऐकत असत. नव्या गिऱ्हाइकाची चौकशी चालू झाली की त्या पडद्यामागून म्हणत, "नोकरी रिटायर हुई बेटा, ये कहाँ हुए."

मी नगरकडचा. शिक्षक म्हणून नवा नवा तिकडे गेलो होतो आणि चाचांच्याच घरामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. घर सोडून इतक्या लांब आल्याचा माझ्या अंगात थोडा रुबाबही होता. अडाणी मुलखात आपण ज्ञानाचा दिवा घेऊन आलो आहोत, अशी त्या वयात माझी पक्की समजूत होती. तिकडच्या लोकांनी मला त्यावरून कधी टोकलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

चाचांच्या नाक्याचे कायदे भिंतीवर लिहिलेले नव्हते. ते एकेक करून अंगावर येत. पासवर्ड टाकायची वेळ आली की चाचा स्टुलावरून उठत, कोपऱ्यातली काळी छत्री घेत आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उघडून धरत. स्वतः तोंड भिंतीकडे करून उभे राहत. दुकानात दुसरं कोणी नसलं तरीही. एकदा मी म्हणालो, "चाचा, मी एकटाच आहे, छत्री कशाला?" तर म्हणाले, "मास्तर, पासवर्ड म्हंजे आंघोय. घरात कोनी नाई म्हून दार उघडं ठेवून करता काय?" मी छत्रीखाली पासवर्ड टाकला. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानात गर्दी उसळली, तेव्हा चाचा एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक अशा दोन छत्र्या धरून दोन्ही कॉम्प्युटरांच्या मधे तासभर उभे होते. खांदे भरून आले. रात्री चाचींनी तेल लावलं.

एका ठेकेदाराचा मुलगा इंटरनेटवर दुसऱ्याच नावानं गप्पांच्या खोल्यांत शिरायचा. गप्पा मारायचा एका पोरीशी, आणि आपण मुंबईचा पायलट आहोत असं सांगायचा. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या मुलाचं हसू त्यांना वाचता आलं. त्यांनी त्याला विचारलं, "बाबू, तिथी तुहं नाव काय सांगतलं?" तो घुटमळला. चाचा म्हणाले, "जंगलात नाव लपवून फिरनारा दोनच कामाचा असते. नाई तं लाकूड चोरते, नाई तं जनावर मारते. तू काय मारून राह्यला?" त्यांनी त्याला तिथल्या तिथं खरं नाव, बापाचं नाव आणि गाव लिहायला लावलं. त्यावर पलीकडून उत्तर आलं की मी पण पोरगी नाही, मी वरोऱ्याचा आहे, आमचं किराणा दुकान आहे. दोघांची पुढे चांगली दोस्ती झाली.

त्या काळात देवाच्या नावानं मेल फिरत. ही मेल अकरा जणांना पाठवा, नाही पाठवली तर घरात वाईट घडेल. शाळेतली एक पोरगी अशी मेल आल्यावर रडकुंडीला आली. अकरा जणांचे पत्ते तिला कुठून मिळणार? चाचांनी ती मेल छापून घेतली, वर 'जप्त माल' असं लिहिलं आणि खाली तिच्या देखत सही केली. "आता हा शाप माह्या ताब्यात हाये," ते म्हणाले. "तुह्या घरी नाई येत. आला तं नाक्यावर पाठोजो." ही बातमी पसरली आणि लोक आपापले शाप आणून देऊ लागले. वर्षभरात चाचांच्या नावावर चाळीसेक शाप जमा झाले. साधा खोकला आला तरी ते फाईल काढून बसत आणि कोणत्या नंबरचा लागला असावा याचा विचार करत. चाची म्हणत की सगळे शाप मिळून यांचा एक दात पाडू शकले नाहीत, म्हणजे माल हलकाच असला पाहिजे.

आणि ती परदेशातली विधवा. कुठल्याशा देशातल्या एका बाईची मेल आली होती की माझे पती वारले, अमाप संपत्ती मागं आहे, ती मी तुमच्या खात्यात टाकू इच्छिते. अशी मेल तेव्हा जगातल्या प्रत्येकाला यायची. मी चाचांना वाचून दाखवली ती हसण्यासाठी. पण चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी संपत्तीचं काही ऐकलंच नव्हतं. "कसे वारले?" त्यांनी विचारलं. मग मला बसवून त्यांनी इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. आम्हा उभयतांना फार वाईट वाटलं, चाळिसावा झाला का, लेकरं किती आहेत, सासर धीर देतं का. बाईचं उलट टपाली उत्तर आलं की सगळं ठीक आहे, तुमच्या बँकेचा तपशील पाठवा. चाचांनी ते ऐकलं आणि ते कमालीचे नाराज झाले. त्यांनी लिहायला सांगितलं, "बाई, नवरा जाऊन किती दिस झाले? आधी इद्दत पुरी करा. शोकाच्या दिसांत असे व्यवहार बरे दिसत नाईत." त्यानंतर त्या बाईनं कधी लिहिलं नाही. चाचा मात्र बरेच दिवस तिची चौकशी करत. बिचारीला जरा जास्तच बोललो, असं त्यांना वाटत राहिलं.

पण नाक्याचा सगळ्यात कडक कायदा होता पुढे पाठवायच्या मालाला. कोणी म्हणालं, ही आलेली मेल मला दुसऱ्याला पाठवायची आहे, किंवा छापून न्यायची आहे, की चाचा विचारत, "थूट कुठी हाये?"

थूट म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुंधा. चोरीचं लाकूड पकडलं की जंगलवाले ते लाकूड घेऊन थूट शोधत जातात. बुंध्यावर लाकूड बसवून बघतात. रेषेला रेष जुळली की कळतं, हे झाड कुठं उभं होतं आणि कोणाच्या हद्दीतून गेलं. थूट मिळालं नाही तर लाकूड कोणाचंच नसतं, आणि ज्याच्या गाडीत सापडलं त्याच्यावर शेकतं. चाचांनी हा नियम जसाच्या तसा इंटरनेटला लावला. तुला कोणी पाठवली? त्याला कोणी पाठवली? ज्यानं पहिल्यांदा लिहिली त्यानं डोळ्यांनी पाहिलं काय? सांगता आलं तर चाचा छापलेल्या कागदावर गोल शिक्का मारत. मधे सागाचं पान, आणि खाली 'तपासले'. सांगता आलं नाही तर कागद जप्त.

हळूहळू त्या शिक्क्याला गावात वजन आलं. नोकरीची जाहिरात असो, परीक्षेचं वेळापत्रक असो, चाचांचा शिक्का असला की लोक खरं मानायचे. चहाच्या टपरीवर दोघांचा वाद पेटला की तिसरा म्हणायचा, "नाकेदारचा शिक्का हाये का? नाई ना? मंग बस खाली."

या कायद्यातून अख्ख्या गावात एकच माणूस सुटलेला होता, आणि तो मी. माझ्यासाठी बांबू लांबूनच वर जायचा. माझा कागद चाचा वाचत नसत, थूट विचारत नसत, सरळ शिक्का मारत. "मास्तर हायेत," असं म्हणत. मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर फार आवडायचं.

त्या उन्हाळ्यात माझ्या पुण्यातल्या मित्रानं एक मेल पाठवली. मासे खाताय, सावधान. सोबत फोटो, अंगावर गाठी आलेल्या माशाचा. तळ्यातल्या माशांना रोग पडला आहे, खाणाऱ्या मुलांना झटके येतात, आपल्या माणसांना कळवा. इंग्रजीत होती. मला वाटलं, आपल्या गावाला कळायला हवं. मी बसून ती मराठीत उतरवली, शाळेच्या परिपत्रकासारखी नीटनेटकी केली आणि वीस प्रती छापल्या. चाचांनी वीसच्या वीस प्रतींवर शिक्का मारला. शाळेच्या फळ्यावर एक लागली, एसटी थांब्यावर एक, पीठगिरणीत एक. पुढे झेरॉक्सवाल्यानं तिच्या किती काढल्या, मला माहीत नाही. मी त्या रात्री समाधानानं झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांबूसमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर ओलं पोतं. धिवराची बाई होती. गावाबाहेरच्या तलावावर तिची आणि तिच्या भावकीची मासेमारी. संध्याकाळच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या शेवटी तिची जागा असायची. तिनं टोपलं खाली ठेवलं, कमरेला खोचलेला कागद काढला आणि चाचांसमोर धरला.

"नाकेदार भाऊ, मले वाचता नाई येत. पन हा शिक्का तुमचा हाये."

"माहाच हाये," चाचा म्हणाले.

"मंग माही मासोळी काऊन मारली?"

तलाव उतरला होता. उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर येतं तेव्हा वर्षभर वाढवलेली मासोळी एकदम काढावी लागते. ठेवली तर तापलेल्या पाण्यात मरते, काढली तर दोन दिवसांत विकावी लागते. सगळ्या भावकीचं वर्ष त्या आठ दिवसांवर. आणि तीन दिवस झाले, गुजरीत तिच्या टोपल्यापाशी कोणी थांबत नव्हतं. पावसाळ्याआधी घरावर कवेलू घालायचे होते, पोरीचं लग्न ठरलं होतं. आणखी चार दिवस असेच गेले तर सगळं उकिरड्यावर, असं ती सांगत होती. ओरडत नव्हती. मी आत कॉम्प्युटरपुढे बसून हे ऐकत होतो आणि उठून बाहेर जायचं धैर्य मला होत नव्हतं.

चाचांनी कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद वाचला. मग माझ्याकडे वळून, इतर सगळ्यांना विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "मास्तर, थूट कुठी हाये?"

मी म्हणालो, मित्रानं पाठवली. मित्राला कोणी? त्या मेलवर मागच्या सगळ्यांचे पत्ते लांबलचक शेपटीसारखे लटकत होते. चाचा म्हणाले, चला. आणि त्या दिवशी आम्ही थूट शोधायला निघालो. प्रत्येक पत्त्यावर चाचांनी माझ्याकडून एकच पत्र लिहून घेतलं. आपल्या गाडीत अमुक माल सापडला आहे, तो आपण कोणत्या ठिकाणाहून उचलला ते चोवीस तासांत कळवावे. खाली सही, निवृत्त नाकेदार. रात्री उशिरापर्यंत बसून, आणि दुसऱ्या दिवशी वीज येईल तेव्हा, आम्ही उत्तरं गोळा केली. एकानं लिहिलं, साहेबांनी पाठवली म्हणून पुढे पाठवली. एकानं उत्तरादाखल विनोद पाठवला. बंगळुरूच्या एका इंजिनियरनं घाबरून लिहिलं की मी आयुष्यात एकही झाड तोडलेलं नाही, माझी चौकशी कृपया थांबवावी. त्यावर चाचांना फार समाधान वाटलं. त्यांनी त्याला शाबासकी पाठवली.

मेलचं मूळ काही सापडलं नाही. शेवटचा पत्ता बंद पडलेला होता. पण चाचांनी सगळ्यांकडे गेलेल्या मेलची एकेक प्रत छापून जमिनीवर ओळीनं मांडली होती, डेपोत लाकडं मांडतात तशी. ते उकिडवे बसले, खिशातून टेप काढली आणि मोजायला लागले. इंग्रजी येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. मला वाटलं म्हातारा आता पुरता गेला. त्यांनी दोनदा मोजलं, वहीत लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं.

"बंगलोरची मेल अकरा ओळी. पुन्याची अकरा ओळी. तुमचा कागद बारा ओळी. अकरा नगांची गाडी निंगाली अन् बारा नग घेऊन नाक्यावर आली. एक नग रस्त्यात कुठून चढला, मास्तर?"

"मराठीत थोडं लांबतं, चाचा."

"ओळीले ओळ जुळवून दाखवा."

मी जुळवू लागलो. पहिली जुळली, दुसरी जुळली. अकरा जुळल्या. बाराव्या ओळीला जोडीदार नव्हता. ती अशी होती. 'आपल्या भागातील तलावांतही हा रोग पसरला असल्याची शक्यता नाकारता येत नाही.'

ती ओळ मी घातली होती. शेवट जरा भारदस्त व्हावा म्हणून घातली होती. लिहिताना मला ती खोटी वाटली नव्हती, आणि खरी आहे का हेही मी स्वतःला विचारलं नव्हतं. परिपत्रकात अशी ओळ शोभते, एवढंच.

चाचांनी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून चाची आणि ती धिवराची बाई. दुपारी नवं टोपलं घेऊन पुन्हा आलेली बाई ओसरीच्या पायरीवर बसून होती. चाचा विचारत गेले आणि लिहीत गेले.

"तलाव पाह्यला?"

"नाही."

"रोग पडलेली मासोळी पाह्यली?"

"फोटोत."

"इथची?"

"नाही."

"मासोळी खाता?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्या घरी अंडंसुद्धा आणत नाहीत."

चाची पदर तोंडाला लावून हसल्या. बाई हसली नाही. तिनं अंगठा दिला. चाचांनी पंचनामा पुरा करून खाली सही केली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते बोलले ते स्वतःबद्दल. एवढ्या वर्षांत माझ्या नाक्यावरून एकही चोरीचा नग गेला नाही असं मी सगळ्यांना सांगतो, ते म्हणाले, पण ते पुरतं खरं नाही. साहेबाची गाडी यायची तेव्हा मी सलाम करायचो आणि बांबू वर करायचो. त्या गाडीत मागं काय होतं, खुदा जाणे. "मास्तर, तुमी ओळ घातली, तुमचा गुन्हा. पन तुमची गाडी मी सोडली. मले वाटलं, शिकलेला मानूस हाये, याले काय विचाराचं."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं गुजरीत गेलो. चाचांच्या खिशात शिक्का होता, हे मला दिसत होतं. बाईनं टोपलं मांडलं, पोतं बाजूला केलं. ताजी मासोळी होती, दुपारचीच काढलेली. माणसं लांबून बघत होती. चाचांना पाहून दोघंचौघं जवळ आली. एक जण म्हणाला, "नाकेदार भाऊ, तुमी म्हनता चांगली हाये, तं मारा शिक्का. पुड्यावर मारा, आता घेतो." मागचे म्हणाले, "हो, शिक्का मारा."

बाईनं पटकन पळसाचं पान उचलून चाचांसमोर धरलं. एक ठप्पा मारला की टोपलं अर्ध्या तासात रिकामं झालं असतं. चाचांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

"नाई मारत," ते म्हणाले.

"काऊन?"

"शिक्का पाहूनच तं तुमी इचं खानं सोडलं. आता शिक्का पाहून खासान. तुमी मासोळी कवा पाहासान? या, कल्ले उघडून पाहा. लाल हाये का पाहा. वास घ्या."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी हळूच म्हणालं की नाकेदार शिक्का मारत नाही म्हणजे काही तरी आहे. ते ऐकून जवळ आलेलेही मागं सरले. बाई उठून उभी राहिली.

"भाऊ, मारून द्या ना. मासोळी सडून राह्यली माही."

"बाई, त्याच शिक्क्यानं तुमचा घात झाला. तोच दवा कसा होईन?"

"मले दवा नाई पायजे. गिऱ्हाईक पायजे."

मी चाचांकडे बघत होतो. आयुष्यभर नियमानं वागलेला माणूस, आणि नियम पाळला तर या बाईचं वर्ष बुडतं, मोडला तर पुन्हा तेच. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. बांबू माझ्या बाजूला होता आणि तो मलाच उचलायचा होता.

मी पुढे झालो. म्हणालो, "तो कागद मी लिहिला. आपल्या तलावांचं जे लिहिलंय ते माझ्या मनचं आहे. कोणी सांगितलेलं नाही. मी तो तलाव पाहिलेलासुद्धा नाही."

माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप समोर होता. त्यानं विचारलं, "मंग लिहिलं काऊन, मास्तर?"

मी खूप शोधलं, दुसरं उत्तर सापडेना. "चांगलं दिसत होतं म्हणून."

तो हसला. मग आणखी कोणीतरी हसलं. बघता बघता अख्खी गुजरी हसू लागली, आणि मला आजही वाटतं की मला एवढं कोणी त्याआधी झोडपलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. हसता हसताच तो बाप खाली बसला, एक मासा उचलला, बोटानं कल्ला उघडला आणि नाकाशी नेला. "लाल हाये," म्हणाला. दुसरा वाकला. एक म्हातारी आली, तिनं तर सहा मासे उलटसुलट करून दोनच घेतले. चाचा प्रत्येकाला सांगत होते, "पाहून घ्या, माह्या भरोशावर नोका घेऊ." सगळं टोपलं गेलं नाही. अर्ध्याहून थोडं जास्त गेलं. उरलेली मासोळी बाई मीठ लावून सुकवणार होती. तीन दिवसांचं जे कुजलं ते कुजलंच.

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर पाटी लागली, 'साहेब लोकांची गाडी आधी तपासली जाईल'. मी बांबूसमोर उभा राहून कुठून आलो, कुठं चाललो ते सांगू लागलो. तहसीलचा एक अधिकारी त्या पाटीवरून रागावून निघून गेला, तेव्हा चाचांनी त्याचं नाव वहीत लिहून समोर नोंद केली, 'माल न तपासता परत'. बदली होईपर्यंत, म्हणजे पुढची तीन वर्षं, मी एकही ओळ थूट दाखवल्याशिवाय छापली नाही.

पण त्या संध्याकाळी, गुजरी उठल्यावर, चाचा पुढे निघून गेले आणि मी बाईपाशी रेंगाळलो. ती टोपलं धुत होती. मला माफी मागायची होती आणि शब्द जुळत नव्हते. शेवटी काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाई, निदान घरी तरी खायला मासोळी होती ना या दिवसांत."

तिनं हात थांबवला.

"नाई, मास्तर. घरी नाई रांधली. लेकरं मांगत होती. मीच म्हनलं, नोका खाऊ." मग पाणी फेकून देत, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "आमच्याच तलावाची, माह्याच हातानं काढलेली. पन तुमी लिहिलं होतं ना."